फाटकावरची आंबील

माझ्या नवऱ्याला बाहेरच्या बाईचा नाद नाही. तसा असता तर एकदाच कडाकडा भांडून मी मोकळी झाले असते. त्यांना नाद आहे तो वहिनीच्या हातच्या आंबिलीचा, आणि वहिनीशी भांडायची सोय नसते.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा आमचे हे चड्डी घालून शाळेत जायचे. मग थोड्याच दिवसांत सासूबाई गेल्या आणि ह्यांचं नाक पुसण्यापासून डबा भरण्यापर्यंत सगळं अक्कानं केलं. त्यामुळं अख्खं गाव तिला ह्यांच्या आईच्या जागी मानतं. आईच्या जागी असलेल्या बाईवर जळलं तर जळणारीच वाईट ठरते, एवढं मला कळतं. तरी मी जळते. तोंडावर तिला अहो-जाहो करते, सणावाराला पाया पडते, आणि पाया पडतानाच मनात म्हणते, बाई, तुमच्या हातात असं काय आहे की जे माझ्या हातात नाही?

आम्ही दोघं मुरूमला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. थोरले भाऊजी आणि अक्का गावाकडं शेती बघतात. गाव जवळच आहे, मोटरसायकलवर गेलं की चहा निवायच्या आत पोचतो. जवळ आहे हेच वाईट. लांब असतं तर सणाची तेवढी भेट झाली असती आणि मी गोड राहिले असते.

माझं माहेर भूमकडं. तिकडं येळवशीचं एवढं कौतुक मी पाहिलेलं नव्हतं. इकडं उमरग्याच्या बाजूला मात्र येळवस म्हणजे दिवाळीच्या वरताण. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळा गाव रानात जातो, गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. शेतात कडब्याची कोप करायची, आत पाच दगड चुना लावून पांडव म्हणून मांडायचे, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबट भात, खीर असा नैवेद्य दाखवायचा, आणि बांधावरून जो कोणी दिसेल त्याला हाका मारून पंगतीला बसवायचं. या सगळ्यात राणी कोण, तर आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून, त्यात लसूण, जिरं, मिरची, कोथिंबीर घालून केलेली ती पांढरी आंबट पातळ गोष्ट लोक तांब्यानं पितात आणि मग झाडाखाली आडवे होतात.

मी आंबील केली तर ताजी करते. आदल्या रात्री पीठ भिजवायचं, सकाळी ढवळून फोडणी द्यायची, झालं. स्वच्छ काम. अक्का काय करते, तर दोन दिवस आधीच पीठ भिजवून मडक्याला पोतं गुंडाळते आणि चुलीच्या अंगाला ठेवून देते. ते आतल्या आत फसफसतं. झाकण काढलं की वास नाकात जातो. मला तो वास आवडत नाही, असं मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आले. कोणी ऐकत नाही. येळवशीच्या दुपारी कोपीपुढं दोन मडकी असतात, तिचं आणि माझं. तिचं रिकामं होतं आणि माझं मी परत घरी आणते.

आता ह्यांच्या कामाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच बेतलं. हे टँकर चालवतात. कारखान्याच्या डिस्टिलरीतनं इथेनॉल भरायचं आणि तेलाच्या डेपोत नेऊन रिकामं करायचं. तिथं ते पेट्रोलमध्ये मिसळतात. इथेनॉल म्हणजे शेवटी दारूचंच सख्खं भावंड. त्यामुळं गावात ह्यांची चेष्टा ठरलेली, टँकरभर दारू आन् ड्रायव्हर कोरडा. आणि खरोखरच कोरडा. आमचं घर लिंगायताचं, ह्यांच्या गळ्यात लिंग आहे, दारूचा थेंब कधी तोंडाला लागलेला नाही.

ही गाडी कोणीही चालवू शकत नाही. लायसनवर घातक मालाचा वेगळा शिक्का लागतो, त्यासाठी ट्रेनिंगला बसावं लागतं. टँकरच्या अंगावर नारिंगी पाटी, त्यावर मालाचा नंबर. कॅबिनमध्ये एक कार्ड असतं, गळती झाली तर काय करायचं, आग लागली तर काय करायचं, माणसं किती लांब न्यायची. सायलेन्सरला ठिणगी अडवायची जाळी. डिस्टिलरीच्या यार्डाच्या फाटकावर काडीपेटी, मोबाईल जमा करायचा आणि दारू ओळखणाऱ्या मशीनमध्ये फुंकायचं. मधेच कधीतरी, न सांगता, ड्रायव्हरच्या हातात प्लॅस्टिकचा कप देऊन लघवी मागतात, गांजा-अफूची तपासणी करायला. हे ट्रेनिंगला जायचे तेव्हा मी भाकरी थापता थापता त्यांना प्रश्न विचारायची आणि ते उत्तरं द्यायचे. त्या कार्डावरचं मला आजही तोंडपाठ आहे. अक्काला येत नाही. एवढी एक गोष्ट तरी माझी आहे, असं मी तेव्हा धरून चालले होते.

त्या येळवशीला ह्यांची दुपारची ड्यूटी होती. पंगतीत ह्यांनी माझी आंबील एक फुलपात्र घेतली आणि अक्काची एक फुलपात्र घेतली. बरोबर सारखी. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. मनात म्हटलं, चला, सुधारले. जेवून हात धुतले, पोरांबरोबर व्हलगे व्हलगे ही येळवशीची आरोळी देत हरभऱ्यावर आंबील शिंपडली, भावाशी चार गोष्टी बोलले आणि मोटरसायकल काढून यार्डावर गेले. तिथनं टँकर भरून लांब जायचं होतं, परवाशिवाय येणार नव्हते. मी भांडी घेऊन संध्याकाळच्या काळीपिवळीनं मुरूमला आले.

दारात येते तर हे पायरीवर बसलेले.

"गेला न्हाईत?" मी विचारलं.

"मशीन वाजलं," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. फाटकावर फुंकायला लावलं, मशीन वाजलं. गार्डनं साहेबाला बोलावलं. सेफ्टीचा साहेब म्हणजे नागपूरकडचा तरुण मुलगा, नियमाचा पक्का. त्यानं मशीनवरचा आकडा बघितला आणि ह्यांच्या हातात कप दिला. त्यात गांजा-अफूचं काही निघालं नाही, पण मशीनचा आकडा मशीनचा. टँकर दुसऱ्याला दिला, ह्यांचा गेटपास काढून घेतला आणि चौकशी होईपर्यंत घरी बसा म्हणून सांगितलं.

"तुम्ही सांगितलं न्हाय का, आंबील पिऊन आलो म्हणून?"

"सांगितलं. त्यानं आंबील हा शब्दच ऐकलेला न्हाय."

"पण एक-एक फुलपात्र तर घेतलंत. ते पण फुंकायच्या कितीतरी आधी."

हे पायरीची कड नखानं खरडायला लागले. लग्नाला बरीच वर्षं झाली की माणसाच्या नखाचंही ऐकू येतं. मी भांडी खाली ठेवली.

"बाटली होती," ते म्हणाले.

"कसली बाटली?"

"वहिनीनं दिली. निघताना. पाण्याच्या बाटलीत भरून. फाटकापाशी आलो, म्हटलं आत घेऊ देत न्हाईत, तर तिथंच उभ्या उभ्या संपवली, आन् लगेच फुंकलं."

आता कोणतीही शहाणी बाई म्हणाली असती, अरे देवा, आता नोकरीचं काय. मी काय म्हटलं असेल? मी विचारलं, "बाटली केवढी होती?"

"मोठी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्यासमोर एक-एक फुलपात्र. माझ्या मनाची काळजी घ्यायची म्हणून मोजून-मापून एक-एक. आणि पाठीमागं मोठी बाटली, ती पण चोरून, गाडीच्या डिकीत. मी म्हटलं, "दारू प्यायला असता तरी चाललं असतं." हे मी खरंच म्हटलं. शेजारणीनं ऐकलं, तिनं पुढं ते मुरूमभर केलं.

नंतरचे दिवस वाईट गेले. साहेबानं जर दारू पिऊन आला असं लिहिलं तर ते एका यार्डापुरतं राहत नाही. डेपोवाले सगळ्या ट्रान्सपोर्टवाल्यांना कळवतात, आणि एकदा कळवलं की घातक मालाच्या कुठल्याच फाटकातनं तो ड्रायव्हर आत जात नाही. लायसनवरचा शिक्का असून नसल्यासारखा. मग उरतं काय, तर उसाचा ट्रॅक्टर. ऊस असेपर्यंत काम, मग बसा. ह्यांना दुसरं काही येत नाही आणि यायची इच्छाही नाही. गाडी पुसतानासुद्धा ती नारिंगी पाटी हे वेगळ्या फडक्यानं पुसायचे. आता दिवसभर खाटेवर पडून छताकडं बघायचे. जेवायला वाढलं तर दोन घास खाऊन हात धुवायचे. आणि मी अशी बाई की तेव्हाही माझ्या डोक्यात बाटलीच. वहिनीनं हाक मारली कधी असेल, मी कुठं होते, भांडी घासत होते का, भाऊजींनी बघितलं का, सगळ्यांना ठाऊक होतं आणि मला एकटीला नव्हतं का.

चौकशीला बोलावलं तेव्हा मीही गेले. बाई बरोबर असली की साहेब जरा नरम बोलतात. साहेब वाईट नव्हता. त्यानं ह्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे बघा, आंबवलेलं काही तोंडात असेल तर मशीन वाजू शकतं, हे मला माहीत आहे. पण तुमच्या आंबिलीनं वाजतं का, हे मी कशावरून मानू? ती घेऊन या. जो माणूस ड्रायव्हर नाही तो माझ्यासमोर पिईल आणि फुंकेल. वाजलं तर वाजलं."

हे तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "आणते, साहेब. परवा आणते. मीच पिते, मीच फुंकते."

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "वहिनीला फोन करतो."

"काही गरज न्हाय," मी म्हटलं. "मला हात न्हाईत का?"

माझ्या डोक्यात काय होतं ते उघड आहे. नवऱ्याची नोकरी वाचवायची तर ती माझ्या आंबिलीनं वाचली पाहिजे. आयुष्यभर ह्यांनी सांगावं की बायकोनं मडकं घेऊन यार्डात जाऊन मला सोडवलं. आंबील म्हणजे आंबील. ज्वारी तीच, ताक तेच. साहेबाला काय कळतंय कुणाच्या हातची ती. मी आदल्या रात्री पीठ भिजवलं, सकाळी फोडणी दिली, लसूण नेहमीपेक्षा जास्त घातला, आणि स्टीलचा डबा घेऊन यार्डात हजर झाले. ह्यांनी डब्यात डोकावून बघितलं आणि माझ्या तोंडाकडं बघितलं.

साहेबानं विचारलं, "हीच का ती?"

"हीच," मी म्हटलं.

मी फुलपात्रभर प्याले. गार्डनं मशीन तोंडापुढं धरलं. फूं करून फुंकलं. मशीन गप्प. पुन्हा फुंकायला लावलं. तरीही गप्प. आकडा शून्य.

साहेबाचा चेहरा बदलला. तो ह्यांना म्हणाला, "मी तुमच्यावर विश्वास ठेवायला निघालो होतो. आंबील पिऊन काही होत नाही, हे तुमच्याच घरच्यांनी सिद्ध केलं." आणि त्यानं पेनाचं टोपण काढलं.

त्या टोपणाचा आवाज मला अजून आठवतो. मी इकडं तिकडं बघत होते, जणू कोणीतरी येऊन सांगेल की थांबा. तेव्हा हेच बोलले. खाली बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"साहेब, ही ती न्हाय. ही माझ्या बायकोची. मी प्यायलो ती वहिनीची. बायकोची मी एक फुलपात्रच घेतलती."

खोलीत गार्ड होता, क्लार्क होता, दारात दोन ड्रायव्हर टेकून उभे होते. सगळ्यांदेखत. बायकोची एक फुलपात्र आणि वहिनीची बाटली. धरणी फाटली असती तर मी आत गेले असते.

साहेबानं पेन हातात तसंच धरलं. आधी ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग डब्याकडं. मग पेनाला टोपण लावलं.

"ताई," तो म्हणाला, "माझ्याही घरात आई आहे आणि बायको आहे. खरी जी आहे ती घेऊन या. जिनं केली तिलाही घेऊन या. आणि फुंकायचं तुम्हीच, म्हणजे फरक कळेल. यानंतर मात्र मी थांबणार नाही."

वाटेनं हे समोर बघून गाडी हाकत होते. मीच उसळले. "एवढी काय माझी वाईट होती?"

"वाईट कुठं हाय? चांगली हाय," ते म्हणाले. "चांगली हाय म्हणून तर वाजली न्हाय."

रडावं की हसावं कळेना. मी मोटरसायकलवर मागं बसून त्यांच्या पाठीला गुद्दा मारला आणि म्हटलं, "गाडी गावाकडं घ्या."

अक्काच्या दारात जाऊन मागायचं, हे मला मरणाहून जड वाटलं. ती ज्वारी पाखडत बसली होती. मी एका दमात सगळं सांगितलं, मशीनचं, कपाचं, टोपणाचं. माझी आंबील वाजली नाही हेही सांगितलं. तिला आधी ठाऊकच नव्हतं की ह्यांचं काम थांबलंय, ह्यांनी भावाला कळू दिलं नव्हतं. ती ऐकता ऐकता पांढरी पडली. मला वाटलं आता म्हणेल, तुझी कशी वाजंल. ती तसं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

"दोन दिस लागतील," ती म्हणाली. "घाई केली तर व्हायची न्हाय. साहेब थांबंल का?"

साहेब थांबला. ते दोन दिवस मी गावाकडंच राहिले. अक्का त्या मडक्याजवळून उठेना. बाहेर थंडी पडली की पोतं घट्ट करायची, ऊन आलं की सैल करायची, मधेच कान लावून ऐकायची. मोजमाप काही नाही. मी शेजारी बसून बघत होते आणि शिकावं म्हणून नाही, चूक सापडावी म्हणून बघत होते. एक चूक सापडली नाही. एवढ्या निवांतपणे कोणाला काही येत असलं की मला त्याचा राग येतो.

सोमवारी आम्ही तिघं यार्डात गेलो. अक्का लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, मडकं मांडीवर धरून जीपमध्ये बसली होती. तिला घेऊन आत आलो तर दारातले ड्रायव्हर आपोआप बाजूला झाले. साहेबानं तिला खुर्ची दिली. मी दोन वेळा आले तेव्हा मला दिली नव्हती. आंबील कशी करतात ते त्यानं विचारलं आणि तिनं सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं कानडीत. मग साहेब माझ्याकडं वळला.

गार्डनं आधी माझा कोरडा श्वास तपासला. शून्य. मग अक्कानं फुलपात्र भरून माझ्या हातात दिलं.

आता ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. लग्न होऊन आल्यापासून अक्काची आंबील मी कधी ओठाला लावलेली नव्हती. वास सोसत नाही म्हणायची, पोट बरं नाही म्हणायची, फुलपात्र घेऊन बांधाकडं जायची आणि ओतून द्यायची. तिच्या आंबिलीला नावं ठेवली ती सगळी न चाखता. त्या दिवशी यार्डाच्या ऑफिसात, गार्डनं मशीन धरलेलं, साहेब बघतोय, नवरा भिंतीला टेकून उभा, तिथं मी तिचा पहिला घोट घेतला.

लई चांगली होती. काय सांगू. आंबटपणा आधी जिभेवर येतो, मग लसूण, आणि घशाखाली गेल्यावर मागनं एक गोडी वर येते. ती कुठनं येते मला आजही ठाऊक नाही. एका घोटावर भागलं असतं. मी फुलपात्र संपवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं, कारण मला पहिल्यांदा कळलं की हे चोरून बाटली का नेतात. मी असते तर मीही नेली असती.

मी फुंकलं आणि मशीन वाजलं. असं वाजलं की बाहेर वजनकाट्यावरचा पोऱ्या आत डोकावला.

साहेबानं आकडा बघितला. मला चूळ भरायला लावली आणि बाकावर बसवून ठेवलं. सगळे घड्याळाकडं बघत बसले. मग पुन्हा फुंकायला लावलं. शून्य.

साहेब गार्डकडं वळला. "मशीन वाजलं की चूळ भरायला लावून, थांबून पुन्हा घ्यायचं, हा आपलाच नियम आहे. त्या दिवशी घेतलं होतं का?" गार्ड खाली बघायला लागला. साहेब म्हणाला, "मीही विचारलं नाही. ती माझी चूक." मग त्यानं ह्यांना समज दिली की फाटकाच्या शंभर पावलांत पाण्याशिवाय काही प्यायचं नाही, आंबील नाही, ताक नाही, आणि गेटपास परत देतो म्हणून त्यांना आतल्या खोलीत सह्यांना नेलं. हे जाताना थांबले. वाकून अक्काच्या पाया पडले. मग माझ्याकडं बघून हसले. इतक्या दिवसांनी हसले. पण आधी तिकडं वाकले, हे मी बघितलं.

बाहेर ड्रायव्हर लोक अक्काभोवती. कोणी म्हणतो, मावशी, तुमच्या आंबिलीनं माणूस वाचवला. कोणी म्हणतो, आमची ड्यूटी संपली, आम्हाला पण एक-एक फुलपात्र द्या. फुंकलं कोणी? दोन वेळा हेलपाटे कोणी घातले? ऑफिसात सगळ्यांदेखत इज्जत कोणाची गेली? त्याचं नाव नाही. मी एका बाजूला जाऊन फाटकाबाहेरच्या लिंबाखाली बसले. रिकामं मडकं घेऊन अक्काही आली आणि शेजारी टेकली. ह्यांची वाट बघायची होती.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं.

"त्याच्या नोकरीवर बेतलं ते माझ्यामुळं," ती म्हणाली.

मी मानभावीपणानं म्हटलं, "असू द्या. तुम्हाला काय ठाऊक, मशीन असतं म्हणून."

"बाटली द्यायला नको हुती. तुझ्या मागं दिली, ते तर लईच वाईट." ती मडक्याच्या काठावरनं बोट फिरवत होती. "तू आल्यापासनं त्यो माझ्या हातचं वर्षातनं एक दिस खातो. येळवशीला. बाकी समदं वरीस तुझं. त्या दिशी बी ड्यूटी आली, घास गिळून उठला. म्हटलं, आजचा दिस जरा लांबवावा. म्हणून बाटली भरली."

मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती.

"खरं सांगू का तुला," ती म्हणाली, "मला तुझा राग येतो. तू काय बी केलेलं नसतंस, तरी येतो. माझ्यासमोर जेवाय बसतो आन् तुझी चटणी मागतो."

इतकी वर्षं मी हिच्यावर जळत होते आणि ही माझ्यावर जळत होती. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. ह्यांचं नाक पुसून मोठं केलेली बाई, एका दिवसाच्या जेवणासाठी बाटली भरत होती, आणि तेवढ्यावरनं पोराची नोकरी जायला आली होती. माणसानं अशा वेळी हात हातात घ्यावा. पण मी खोटं कशाला लिहू? मला लई बरं वाटलं. छातीत गार गार वाटलं.

"कोणती चटणी?" मी विचारलं.

"जवसाची. म्हणतो, तसं जवस इथं कुणाला भाजता येत न्हाय."

फाटकातनं हे गेटपास गळ्यात घालून येताना दिसत होते. अजून लांब होते. मी सरकून अक्काच्या अगदी जवळ बसले आणि म्हटलं, "आणखी काय काय मागतात?"